माकडांच्या बचाव केंद्राचा संचालक : या पेशामागची गोष्ट

माकडे सांभाळणे हा कुणाचा पूर्णवेळ पेशा असतो असे सोलापुरात सांगितले, तर लोक अजून हसतात. जगातही तो फार जुना नाही, आणि त्यात कुणी शिकून येत नाही. झांबियात १९८३ मध्ये गुरे पाळणाऱ्या एका जोडप्याकडे चिंपांझीचे जखमी पिल्लू आले आणि त्यांच्या कुरणातच केंद्र उभे राहिले. सिएरा लिओनमध्ये १९९५ साली असेच केंद्र काढणारे गृहस्थ हिशेबनीस होते. आपल्याला जवळची कारकीर्द मात्र शर्ली मॅकग्रील या ब्रिटिश बाईंची. त्यांची डॉक्टरेट शिक्षणशास्त्रातली. बँकॉकच्या विमानतळावर माकडांची पिल्ले कोंबलेली खोकी पाहून त्यांनी १९७३ मध्ये संस्था काढली, आणि त्या संस्थेचे पहिले मोठे यश भारतातल्या माकडांचे होते.

त्या काळी पोलिओच्या लशीसाठी माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी लागत. उत्तर भारतात जाळी लावून धरलेली लाल तोंडाची माकडे १९५० च्या दशकात वर्षाला लाखाहून अधिक संख्येने परदेशी जात. जानेवारी १९५५ मध्ये लंडनच्या विमानतळावर त्यातली सुमारे चारशे गुदमरून मेली. बोभाटा झाला, भारत सरकारने निर्यात थांबवली आणि थोड्याच दिवसांत अटी घालून पुन्हा सुरू केली. अट अशी की माकडे फक्त लशीसाठी आणि वैद्यकीय संशोधनासाठी वापरायची. पुढे वीस वर्षे ही अट कागदावरच राहिली. अमेरिकेच्या एका लष्करी प्रयोगशाळेत हीच माकडे किरणोत्सर्गाच्या माऱ्याखाली मारली जातात, हे या बाईंनी अमेरिकन कागदपत्रांतूनच काढून दिल्लीपर्यंत पोहोचवले. जनता सरकारने १९७७ च्या अखेरीस बंदी जाहीर केली आणि १ एप्रिल १९७८ पासून ती लागू झाली.

बंदी का आली, यावर अजून एकमत नाही. परदेशी शास्त्रज्ञांना ती भावनेतून घेतलेली वाटली: पंतप्रधान मोरारजी देसाई कट्टर शाकाहारी, त्यात माकड म्हणजे मारुतीचा अवतार. प्राणिप्रेमी मंडळी सगळे श्रेय लष्करी प्रयोगांच्या गौप्यस्फोटाला देतात. तिसरे कारण फारसे कुणी सांगत नाही. अलीगढकडच्या अभ्यासकांनी १९५९ पासून गावोगाव माकडे मोजली होती आणि ती झपाट्याने कमी होत होती. मला हेच कारण सर्वांत भक्कम वाटते. भावना तर १९५५ मध्येही होती, तरी निर्यात पुन्हा सुरू झालीच की. पण आकडे वर्षानुवर्षे फाईलमध्ये पडून असतात. त्यांना वाचा फुटायला अटीचा भंग लागला, आणि तो सिद्ध करणारे माणूस लागले.

बंदीने धंदा थांबतो, पण आधीच पिंजऱ्यात असलेला प्राणी पिंजऱ्यातच राहतो. बाईंची पुढची चाळीसेक वर्षे या शिल्लक राहिलेल्या जिवांतच गेली. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनात त्यांनी गिबन या लांब हातांच्या, बिनशेपटीच्या कपींसाठी जागा केली. तिथे १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कर्करोगाच्या प्रयोगशाळेतून एक छोटा गिबन आला. प्रयोगशाळेत तो नंबरानेच ओळखला जाई.

आपल्याकडे हीच शिल्लक दुसऱ्या निर्णयातून तयार झाली. माकड, अस्वल, वाघ यांचे खेळ करण्यावर बंदी घालणारी अधिसूचना केंद्राने मार्च १९९१ मध्ये काढली. सर्कसवाले कोर्टात गेले. पुन्हा समिती बसली आणि ऑक्टोबर १९९८ मध्ये नवी अधिसूचना आली. पहिल्या यादीतला कुत्रा तिच्यातून वगळला, सिंह घातला, माकड मात्र दोन्हीकडे होते. केरळच्या उच्च न्यायालयाने २००० साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ती कायम केली. या सगळ्यात बाजू मांडली गेली ती तंबूवाल्यांची. डमरू घेऊन दारोदार फिरणाऱ्याला वकील कोण देणार?

ही बाजू सोलापूरकराला तरी दिसायला हवी. गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात ठेवलेल्या माणसांच्या वसाहतीला इथे आजही सेटलमेंटच म्हणतात. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत कैकाडींच्या पोटात ‘माकडवाले’ अशी नोंद आहे. म्हणजे जातीच्या दाखल्यावर धंदा राहिला आणि धंदा कायद्याने गेला. माकडाला केंद्र मिळावे हे बरोबरच. त्याच्या मालकाला काय मिळाले, हे मात्र त्या अधिसूचनेत शोधू नये.

मदाऱ्याकडून आलेले माकड सोडता येत नाही, आणि संचालकाचे काम इथून सुरू होते. गळ्याभोवती दोरीचा केस गेलेला वळ असतो आणि सुळे बहुधा कापलेले असतात. सुळे नसलेला नर दुसऱ्या कळपासमोर टिकत नाही. आधी त्याला वेगळे ठेवायचे. क्षयाची चाचणी करताना बारीक सुईने वरच्या पापणीत थेंबभर द्रव्य टोचतात आणि पुढचे तीन दिवस पापणी सुजते का ते पाहतात. पापणी यासाठी, की माकडाला हात न लावता लांबूनही दिसते. मग जाळीच्या पलीकडे दुसरे माकड. दोघे एकमेकांच्या उवा काढायला लागले तरच मधले दार उघडायचे. घाई केली की बोटे तुटतात. आणि हे प्राणी पिंजऱ्यात पंचवीस-तीस वर्षे जगू शकतात. वर्गणी देणाऱ्याचा उत्साह तेवढा टिकत नाही, त्यामुळे संचालकाचा निम्मा वेळ केळी, भुईमूग आणि पगार यांच्या जुळवाजुळवीत जातो.

जागेचा प्रश्न निघाला की आपल्या जिल्ह्यात एक नवीनच अडचण येते. ‘माकडांचे अभयारण्य’ म्हटले की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. माळढोकसाठी १९७९ मध्ये जाहीर झालेले अभयारण्य ८,४९६ चौरस किलोमीटरचे होते. ते पुढे १,२२२ च्या आसपास आणले, पण तोवर जमिनीच्या व्यवहारांत एक पिढी अडकली. बचाव केंद्राला असले काही लागत नाही. स्वतःचा तुकडा, पिंजरे, पशुवैद्यक आणि मंजुरी एवढे पुरते. शेजाऱ्याच्या सातबाऱ्याला धक्का लागत नाही.

अलीकडे वारे उलटे फिरले आहे. निर्यात थांबल्यावर उत्तरेत माकडे पुन्हा वाढली आणि शेतात शिरू लागली. इकडे वानरे आणि माकडे डाळिंब-द्राक्षांवर येतात, तेव्हा नैवेद्य दाखवणारा हातच फटाके लावतो. धाराशिवजवळच्या उपळ्यात ३२ एकर जमीन माकडांच्या नावे असल्याची बातमी २०२२ मध्ये गाजली. त्याच्या सुमारे वर्षभर आधी, डिसेंबर २०२१ मध्ये, माजलगाव तालुक्यातल्या लवूळमध्ये कुत्र्यांची पिल्ले पळवणारी म्हणून माकडे पकडून नेली होती. दोन्ही गावे एकाच मराठवाड्यातली.

वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यात लाल तोंडाचे उत्तरेचे माकड संरक्षित प्राण्यांच्या अनुसूचीतूनच निघाले, तर आपल्याकडचे टोपीमाकड सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत गेले. केरळने तर टोपीमाकडाला तिथून काढण्याची मागणी केली आहे. शेजारच्या दोन पिंजऱ्यांतल्या माकडांचे कागद आता वेगळे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा तेवढा दोघांना सारखा लागतो. हिमाचलने २००७ पासून दीड लाखाहून अधिक माकडांची नसबंदी केली आहे आणि इतर राज्यांचीही तीच भाषा आहे. तसे झाले तर यापुढे या खुर्चीवर हिशेबनीस किंवा गुराखी बसणे अवघड. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभे राहणारा पशुवैद्यकच लागेल.