नाखवा म्हणजे 'ना खुदा' नव्हे!

ठाणे-नवी मुंबईच्या कोळीवाड्यांत भेटणारं नाखवा हे आडनाव 'ना खुदा', म्हणजे देव न मानणारा, यावरून आलं असं छातीठोक सांगितलं जातं. साफ चूक. मूळ फारसी शब्द नाखुदा. तो 'नाव' आणि 'खुदा' जोडून झालाय. यातला 'ना' नकाराचा नाहीच, ती होडी. आपल्या 'नावे'चीच बहीण, जोडताना फक्त 'व' गळला. 'खुदा' म्हणजे इथे धनी. कोलकात्याची नाखोदा मशीद आठवा. मशिदीला नास्तिकाचं नाव कोण देईल? कोळ्यांत नाखवा म्हणजे होडीचा मालक, तांडेल म्हणजे ती हाकणारा. दोन्ही एकच माणूस असू शकतो, पण म्हावऱ्याच्या वाटणीत होडीचा वाटा नाखव्याचा.