पार्श्वभूमी : माळवद, कोबा आणि छपराचे ऊन

नव्या घराच्या एस्टिमेटमध्ये 'वॉटरप्रूफिंग' ही ओळ हमखास असते, चौरस फुटाच्या दरासकट. 'उष्णतारोधन' अशी ओळ बहुधा नसतेच. मालकाने विचारलेच तर कंत्राटदार म्हणतो, "कोबा घालतोय ना, ऊन खाली उतरणार नाही." कोबा म्हणजे स्लॅबवर मालात वीटतुकडे बसवून घोटलेला थर. कंत्राटदाराचे हे उत्तर पिढीजात आहे आणि अर्धेच खरे आहे.

कौलारू घरांचा मामला वेगळा होता. मंगळुरी कौले १८६५पासून कारखान्यात बनू लागली आणि कोकणभर पसरली. कौल तापते लवकर, पण निवतेही लवकर, आणि फटींतून गरम हवा निघून जाते. देशावर आणि मराठवाड्यात मात्र माळवद. लाकडी कड्या, त्यावर चिपा (लाकडाचे पातळ तुकडे), त्यावर पांढरी माती. गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर पांढरीचा नवा थर टाकायचा, जुना काढायचा नाही. पिढ्या सरता सरता काही घरांवर हा थर फूट-दोन फूट झाला. एप्रिलच्या दुपारी आतला गारवा या मातीचाच.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात तोच थर झोपलेल्या माणसांवर आला. जवळपास ८ हजार माणसे गेली. दोष फक्त मातीचा नव्हता. दगडी भिंतींत आरपार जाणारे दगड नव्हते, त्यामुळे भिंती उभ्या फाटल्या. पण लोकांच्या मनात धसका बसला तो माळवदाचा. पुनर्वसनाची घरे पक्की, स्लॅबची झाली आणि आसपासच्या गावांतही स्लॅब म्हणजे सुरक्षित घर हे समीकरण घट्ट झाले. त्यात चूक काहीच नाही. फक्त दोन फूट मातीच्या जागी पाच इंच काँक्रीट आले आणि उन्हाचा हिशेब कुणी पुन्हा मांडला नाही. वास्तविक कारखाने सोडून इतर इमारतींच्या उष्णतारोधनासाठी भारतीय मानक होते, १९७८मधली त्याची आवृत्ती उपलब्ध होती. गावचा गवंडी ते वाचणार नव्हता, हे उघड आहे. शहरातल्या अभियंत्यांनीही ते फारसे उघडले नाही.

उष्णतारोधनाची ती जागा कोब्याने भरली. पूर्वी चुना, गूळ आणि हिरड्याचे पाणी घालून कुटलेला कोबा असे, पुढे सिमेंटचा आला. विटांचे तुकडे मालात उभे बसवायचे, पन्हळाकडे उतार द्यायचा, कठड्याच्या कडेने वाटा (कोपऱ्यातली गोलाई) फिरवायचा, पाणी भरून गळती पाहायची आणि वरून घोटाई करून दोरीने चौकटी आखायच्या. पाण्यासाठी हे काम उत्तमच. वाद आहे तो त्याला उष्णतारोधनाचे श्रेय द्यायचे का, यावर.

बाजूने बोलणारे म्हणतात, वस्तुमान आहे, ते ऊन धरून ठेवते. बरोबर आहे. पण धरलेले ऊन जाते कुठे? संध्याकाळी सातनंतर ते खाली यायला लागते. शाळा किंवा ऑफिस असेल तर तोवर माणसे घरी गेलेली असतात. वरच्या मजल्यावर बेडरूम असेल तर कोबा उष्णता नेमकी झोपायच्या वेळी हजर करतो. शिवाय आकडे पाहा. यू-व्हॅल्यू म्हणजे छपरातून किंवा भिंतीतून उष्णता किती पार होते याचे माप, कमी तितके बरे. पाच इंची उघड्या स्लॅबची ती तीनच्या पुढे जाते. साडेचार इंच कोबा घातला तरी ती दोन-सव्वादोनवर अडते, आणि विटांत पाणी मुरले की आणखी बिघडते. त्याच कोब्याखाली २५ मिलिमीटर एक्सपीएसचा (थर्मोकोलच्या जातीच्या घट्ट फोमचा) बोर्ड घातला तर ती एकच्या खाली येते. बोर्डाचे वजन चौरस मीटरला किलोभर. कोब्याचे दोनशे किलोच्या पुढे. ज्या प्रदेशाने डोक्यावरच्या वजनाची एवढी किंमत मोजली, तिथे स्लॅबवर पुन्हा एवढे ओझे निव्वळ सवयीने चढावे, हे खटकते.

बोर्ड स्लॅबच्या वर की खाली, हा त्यातलाच पोटवाद. फॉल्स सीलिंगमध्ये थर्मोकोल टाकणे सोपे, राहत्या घरातही जमते. पण मग स्लॅब स्वतः उन्हात तापत-निवत राहतो, हलतो, चिरा पडतात आणि गळती सुरू होते. नवे घर असेल तर वरच घालणे शहाणपणाचे. थर्मोकोल आणि पफ (पॉलियुरेथेन फोम) आपल्याकडे नवे नव्हते. नाशिक-सांगलीची द्राक्षे शीतगृहांत त्याच भिंतींआड राहत आली आहेत.

भिंतींची गोष्ट उलटसुलट आहे. १९९९मध्ये औष्णिक केंद्रांच्या राखेचा वापर विटांसाठी सक्तीचा करणारी अधिसूचना निघाली, पुढे राखेचे हलके, सच्छिद्र एएसी ब्लॉक शहरांत रुळले. आठ इंची ब्लॉकची भिंत नऊ इंची विटेच्या भिंतीच्या निम्म्याहून कमी उष्णता आत सोडते. पण त्याच सुमारास उंच इमारतींत मिवान शटरिंग (भिंती-स्लॅब एकत्र ओतण्याचे ॲल्युमिनियमचे साचे) आले आणि बाहेरच्या भिंतीही काँक्रीटच्या झाल्या. त्या विटेपेक्षाही वाईट.

कायदा उशिरा आला. ऊर्जा संवर्धन कायदा २००१चा, व्यावसायिक इमारतींची संहिता २००७ची. घरांसाठीची 'इको निवास संहिता' डिसेंबर २०१८ची. तिने भिंती आणि खिडक्या यांतून आत येणाऱ्या उष्णतेवर एकत्र मर्यादा घातली, थंड हवामान सोडून इतरत्र चौरस मीटरला १५ वॅट. एकत्र धरल्यामुळे काँक्रीटची भिंतही लहान खिडक्या आणि खोल छज्जे देऊन पास होऊ शकते. बिल्डरला ही सवलत सोयीची, राहणाऱ्याला किती, हा प्रश्न आहे. छप्पर मात्र वेगळे काढले आणि यू-व्हॅल्यू १.२पेक्षा जास्त नको म्हटले. आकडा सैलच आहे, पण नुसत्या कोब्याला तो पेलत नाही. उष्णतारोधन आणि वॉटरप्रूफिंग या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे त्यामुळे घरांच्या संहितेत कागदावर आले.

२०२२च्या दुरुस्तीने निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत घेतल्या, पण मोठ्या वीजभाराच्या. २०१८च्या संहितेचा उंबरठा ५०० चौरस मीटरच्या भूखंडाचा, म्हणजे जवळपास पाच गुंठे. तालुक्याच्या गावी दीड-दोन गुंठ्यांवर उभे राहणारे घर यातल्या कशातच बसत नाही. त्याच्या एस्टिमेटमध्ये ती ओळ मालकाने स्वतः लिहून घेतली, तरच येते.