बियाण्यांच्या सजवलेल्या पुड्या (बडोदे)

घरच्या झाडावेलींचे बी राखून, हाताने घडी घातलेल्या व रंगवलेल्या कागदी पुड्यांत भरून ते बागकामाची आवड असलेल्या मित्रमंडळींना देण्याची घरगुती पद्धत. बी राखणे आणि एकमेकांना देणे शेतीइतकेच जुने; पुडी नटवणे ही हौशी, गच्चीवर बाग करणाऱ्यांची भर. पुडी देखणी असावीच, पण बी कोरडे ठेवणे आणि ते कशाचे, कधीचे, कुठले हे सांगणे हे तिचे पहिले काम.

गायकवाडांबरोबर अठराव्या शतकापासून बडोद्यात स्थिरावलेल्या मराठी घरांना या कामासाठी संक्रांत सोयीची पडते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला वाण लुटतात. त्यात प्लास्टिकच्या डब्या-वाट्यांपेक्षा बियांची पुडी केव्हाही सरस. शिवाय वेळ नेमकी जुळते. पावसाळी वेलींवर राखलेली फळे दिवाळीच्या आगेमागे वाळतात, बी पौषापर्यंत कडकडीत होते आणि दुधी, घोसाळी, दोडका, भेंडी यांची उन्हाळी लावणी फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. वाणात मिळालेली पुडी महिन्याभरात उघडली जाते.

वाटण्यासाठी बी सरळ वाणाचे, म्हणजे संकरित नसलेल्या जातीचे हवे. संकरित टोमॅटोचे किंवा काकडीचे बी उगवते, पण पुढच्या पिढीत फळ सारखे येत नाही. दुधी वेलीवरच वाळू द्यावी. हलवल्यावर आत बी खुळखुळले की काढावी. तिची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि शेजारच्या गच्चीवर दुसऱ्या जातीची दुधी असेल तर परागांची सरमिसळ होते. जात शुद्ध ठेवायची तर उद्या उमलणारी मादीकळी आदल्या दिवशीच दोऱ्याने बांधावी, दुसऱ्या संध्याकाळी नरफुलाचे पराग तिला हाताने लावून ती पुन्हा बांधावी आणि देठाला खुणेचा दोरा ठेवावा. टोमॅटोचे बी गरासकट दोन-तीन दिवस आंबवून धुतले की बुळबुळीत आवरण सुटते. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू सुकवून बी धरण्याचा मोह अनेकांना होतो. तोरणाची फुले ताजी तोडलेली असल्याने त्यात पोचट बी फार निघते. बियांसाठी चार फुले झाडावरच सुकू द्यावीत.

बी सावलीत, हवेशीर जागी वाळवतात. दुधीचे बी वाकवल्यावर लवले तर ओल आहे, कट्‌कन तुटले तर पुडीत जायला तयार. बियांतील ओलावा एका टक्क्याने उतरला की त्यांचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा बियाणेशास्त्रातला ठोकताळा आहे. म्हणूनच रंगवलेली पुडी निदान एक दिवस वाळल्याशिवाय भरू नये. कागद हवेतली ओल ओढतो. बडोद्याच्या पावसाळ्यात नुसती पुडी फळीवर ठेवून चालत नाही. घट्ट झाकणाच्या बरणीत, तळाशी भाजून गार केलेल्या तांदळांची पुरचुंडी टाकून पुड्या ठेवतात.

घडी सोपी आहे आणि खळ लागत नाही. वीतभर चौकोनी कागद कोपऱ्याला कोपरा जुळवून दुमडावा. त्रिकोणाचे डावे टोक समोरच्या कडेवर आणावे, उजवे त्यावरून पलीकडे न्यावे. वर दोन पाती उरतात: पुढची समोरच्या खिशात खोचावी, बी भरावे, मग मागची त्याच खिशात सारावी. तुळशीसारखे बारीक बी कोपऱ्यांतून गळते, त्याला आत बटर पेपरची छोटी पुडी लागते. बाहेरच्या पुडीला जुन्या कॅलेंडरची पाने उत्तम. लग्नपत्रिकांचा जाड कागद घडीवर फाटतो, त्याची चिठ्ठीच करावी.

सजावटीत भेंडीचा ठसा सर्वांत लोभस: जून भेंडी आडवी कापून, काप कोरडा पुसून, पोस्टर रंगात टेकवला की पाच पाकळ्यांचे फूल उठते. ठिपक्यांच्या रांगोळ्या, गोकर्णीच्या दाबून वाळवलेल्या पाकळ्याही शोभतात. मजकूर मात्र शिसपेन्सिलीने लिहावा, शाई ओलीने पसरते. नाव, बी धरल्याचा महिना व साल, कोणाच्या बागेतले, वेल की झुडूप, लावणीचा काळ, एवढे हवेच. शेजारी गुजराती असतील तर नाव दोन्ही लिपींत लिहिण्याची सोय बडोद्यात उपयोगी पडते. नाव न लिहिल्याचा घोटाळा दोडका आणि घोसाळी यांत हमखास होतो, दोन्हींचे बी काळे व चपटे. निरखून पाहिले तर दोडक्याचे खडबडीत असते आणि घोसाळ्याचे गुळगुळीत, कडेला अरुंद पाखासारखी किनार असलेले.

२००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, अदलाबदल करण्याचा व वाटण्याचा हक्क आहे; संरक्षित वाणाचे बी त्या नावाच्या वेष्टनात विकता मात्र येत नाही.

पुडी जुनी असेल तर लावणीआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवतात. वेलवर्गीय बी नीट राखल्यास चार-पाच वर्षे टिकते, कांद्याचे वर्ष-दोन वर्षांत मंदावते. दहातले आठ उगवले तर नेहमीसारखे लावावे, चार-पाचच आले तर आळ्यात दुप्पट टाकावे.