वेबमेल खात्याची डेस्कटॉप प्रोग्रामशी जोडणी

एरवी ब्राउझरमध्ये उघडले जाणारे ईमेल खाते (जीमेल, याहू, आउटलुक.कॉम इ.) संगणकावरच्या थंडरबर्ड, आउटलुक किंवा अ‍ॅपल मेल अशा प्रोग्राममधून वापरता यावे म्हणून करायची जुळवणी. अनेक खाती एकाच खिडकीत दिसतात आणि इंटरनेट नसतानाही जुने ईमेल वाचता येतात, हे तिचे मुख्य फायदे. या नोंदीत जीमेल आणि थंडरबर्ड ही जोडी उदाहरणादाखल घेतली आहे.

ईमेल पाठवणे आणि ईमेल आणणे ही दोन स्वतंत्र कामे असून त्यांचे सर्व्हरही (ईमेल सेवेकडचे संगणक) वेगळे असतात. त्यामुळे ईमेल येतात पण जात नाहीत, ही तक्रार नेहमीची आहे. पाठवण्याचे काम एसएमटीपी हा प्रोटोकॉल (संगणकांनी एकमेकांशी बोलण्याचे ठरलेले नियम) करतो. आणण्यासाठी पॉप किंवा आयमॅप या प्रोटोकॉलांपैकी एक निवडावे लागते. १९८४ साली आलेले पॉप सर्व्हरवरचे ईमेल संगणकावर उतरवून घेते आणि ‘प्रत सर्व्हरवर ठेवा’ असे सांगितले नसेल तर सहसा तिथून काढूनही टाकते. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात रचलेले आयमॅप मूळ ईमेल सर्व्हरवरच ठेवते. संगणकावर वाचलेला ईमेल मग फोनवरही वाचलेला दिसतो. जीमेल २००४ मध्ये सुरू झाले, त्याच वर्षी त्यावर पॉपची सोय झाली. आयमॅपसाठी २००७ उजाडले. आज फोन आणि संगणक दोन्ही वापरणाऱ्याने पॉपच्या वाटेला जाण्याचे कारण क्वचितच उरते.

प्रत्यक्ष जुळवणी थोडक्यात आटोपते. थंडरबर्डमध्ये नाव आणि ईमेल पत्ता भरला की नेहमीच्या सेवांचे सर्व्हर प्रोग्राम स्वतःच शोधतो. हाताने भरायचे झाल्यास आयमॅपसाठी पोर्ट (सर्व्हरवरच्या जोडणीचा क्रमांक) ९९३, पॉपसाठी ९९५ आणि एसएमटीपीसाठी ४६५ किंवा ५८७.

खरी अडचण पासवर्डपाशी येते. ब्राउझरमध्ये चालणारा पासवर्ड अचूक टाकूनही प्रोग्राम तो चुकीचा असल्याचे सांगतो, आणि वापरणारा बिचारा पासवर्ड बदलत बसतो. कारण वेगळेच असते: नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामला प्रवेश देणे गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी मे २०२२ अखेर थांबवले. आता ओऑथ पद्धतीत गूगलचे स्वतःचे लॉगिन पान उघडते, तिथे परवानगी दिली की प्रोग्रामला पासवर्डऐवजी एक टोकन (प्रवेशाची डिजिटल खूण) मिळते. थंडरबर्डमध्ये कुकीज (वेबसाइटने संगणकावर ठेवलेली छोटी माहिती) बंद असतील तर हे पान अडते. ओऑथ न समजणाऱ्या जुन्या प्रोग्रामसाठी ‘अ‍ॅप पासवर्ड’ हा १६ अक्षरी पर्याय आहे, पण त्याआधी खात्यावर द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर ओळखीची आणखी एक खात्री) सुरू असावी लागते.

जोडणी झाल्यावर जीमेलची एक खोड लक्षात येते. तिथे फोल्डर नसतात, लेबले (ईमेलला लावलेल्या नावांच्या खुणा) असतात, आणि आयमॅप प्रत्येक लेबल फोल्डर म्हणून दाखवते. दोन लेबले लावलेला ईमेल त्यामुळे दोन ठिकाणी दिसतो, शिवाय ‘ऑल मेल’मध्येही असतोच. काही प्रोग्राम तोच मजकूर पुन्हा पुन्हा उतरवून डिस्क भरतात. अशा वेळी जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘ऑल मेल’ आयमॅपमध्ये दाखवू नये, असे ठरवता येते. पाठवलेल्या ईमेलची प्रत जीमेल आपणहून ‘सेंट’मध्ये ठेवते. प्रोग्रामनेही ती ठेवली तर प्रती दुहेरी होऊ शकतात.

आयमॅपमुळे संगणकावर आलेली प्रत म्हणजे बॅकअप, असा समज मात्र महागात पडू शकतो. ती सर्व्हरचे अनुकरण करते. फोनवरून ईमेल कायमचा काढून टाकला की प्रोग्रामने पुढच्या वेळी सर्व्हरशी मेळ घातला की तो संगणकावरूनही जातो. जपून ठेवायचे ईमेल थंडरबर्डच्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये कॉपी करावेत, कारण त्या फोल्डरांचा सर्व्हरशी संबंध नसतो. ते ‘मूव्ह’ केले तर सर्व्हरवरच्या त्या फोल्डरमधून निघून जातात.