वरच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतरची प्लेट: पार्श्वभूमी

कर्करोगासाठी वरचा जबडा कापला की टाळूला भोक पडतं आणि तोंड-नाक एक होतात; ते भोक झाकते ती ही प्लेट. पण टाळूला पडलेलं भोक झाकायचा उद्योग कर्करोगाच्या शस्त्रक्रियेहून जुना आहे. सोळाव्या शतकात एका फ्रेंच शल्यविशारदाने धातूच्या पत्र्याला स्पंज लावून टाळू बुजवला होता. तेव्हाची भोकं बरीचशी उपदंशाने किंवा गोळी लागून पडलेली असत. वरचा जबडा कापून काढायला सुरुवात झाली १८२० च्या दशकात, म्हणजे भूल देण्याची सोय होण्याच्याही आधी. पुढे कडक रबर आलं आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस अॅक्रिलिक, म्हणजे कवळीचं प्लास्टिक. आजची प्लेट बहुधा अॅक्रिलिकचीच असते.

रुग्णांचा गोंधळ होतो तो नावामुळे. डॉक्टर या प्लेटला ऑब्च्युरेटर म्हणतात, म्हणजे बुजवणारा. पण या एकाच नावाने तीन वस्तू ओळखल्या जातात. पहिली प्लेट शस्त्रक्रियेच्या टेबलावरच बसवतात, ती जखमेतलं पॅकिंग, म्हणजे आत भरलेली पट्टी, धरून ठेवते. आठवडाभराने ती काढली की दुसरी, तात्पुरती. जखम आकसत जाते तशी हिची आतली बाजू पुन्हापुन्हा भरून घ्यावी लागते. तिसरी कायमची, जखम स्थिरावल्यावर, साधारण तीन ते सहा महिन्यांनी. रेडिएशन असेल तर आणखी उशिरा. 'प्लेट बसवली' एवढंच सांगितलं तर घरच्यांना काम संपलं असं वाटतं, आणि दुसऱ्याच महिन्यात पाणी नाकातून यायला लागलं की ते हादरतात.

खरा वाद मात्र प्लेट की फ्लॅप (शरीराच्या दुसऱ्या भागातून आणून भोकावर बसवलेलं मांस किंवा हाड), हा आहे. सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडण्याचं तंत्र रुळलं, १९८० च्या दशकाच्या शेवटी पायाच्या हाडाने खालचा जबडा उभा करता येऊ लागला, आणि पाठोपाठ वरच्या जबड्यासाठीही अशी हाडं वापरात आली. त्याआधी प्लेटच्या बाजूने एक भक्कम मुद्दा होता: प्लेट काढली की पोकळी डोळ्यांसमोर, गाठ परत आली तर लगेच दिसते. सीटी आणि एमआरआयने त्या मुद्द्याची धार कमी केली. पण माझ्या मते तेवढ्यावरून प्लेटला दुय्यम ठरवणं चुकीचं आहे. नुसत्या मांसल फ्लॅपने भोक बंद केलं की पाणी नाकात जात नाही हे खरं, पण फुगीर, हलणाऱ्या मांसावर कवळी टिकत नाही. मग टाळू आहे आणि दात नाहीत. उलट, दुसऱ्या बाजूचे चांगले दात शिल्लक असतील तर प्लेट त्यांना धरून उत्तम बसते. एकही दात नसेल, किंवा दोन्ही बाजूंचा जबडा गेला असेल, तर मात्र प्लेटला धरायलाच काही राहत नाही. तिथे हाडासकट फ्लॅप किंवा गालाच्या हाडात रोवलेले इम्प्लांट हवेत.

म्हणूनच उरलेल्या दातांवर आधारलेलं १९७८ चं, अशा भोकांचं सहा प्रकारांचं वर्गीकरण प्लेट बनवणाऱ्यांना अजून उपयोगी पडतं. शस्त्रक्रियेची आखणी करणारे बहुधा पोकळीच्या उंची-रुंदीवर आधारलेलं नंतरचं वर्गीकरण वापरतात. एकाच तोंडाबद्दल दोघं दोन भाषांत बोलतात.

कायमच्या प्लेटचं माप घेताना रुग्णाला मऊ पदार्थ तोंडात असतानाच मान वळवायला, गिळायला, खालचा जबडा डावी-उजवीकडे सरकवायला सांगतात. या हालचालींनीच कडा घडतात. प्लेटचा पोकळीत शिरणारा वरचा गोळा आतून पोकळ ठेवतात, नाहीतर वजनाने प्लेट खाली ओघळते. पहिल्या प्लेटचं माप मात्र शस्त्रक्रियेच्या आधीच, जबडा शाबूत असताना घ्यावं लागतं. त्यासाठी दंततज्ज्ञाची भेट तारीख ठरवतानाच घडवून आणायला हवी, आणि नेमकी तीच घाईत राहून जाते.