पाय आंबतात, पण आम्लामुळे नाही

ट्रायथलॉनचा सराव करणाऱ्या एका नोकरदार मित्राला सोमवारी सकाळी जिना उतरताना मी पाहिले. दोन्ही हातांनी कठडा धरून, आडवे पाऊल टाकत तो एकेक पायरी उतरत होता. चढताना मात्र त्याला फारसा त्रास झाला नव्हता. कारण विचारल्यावर तो म्हणाला, "दोन दिवसांचे लॅक्टिक ॲसिड साठले आहे, मालिश करून काढून टाकावे लागेल." हे उत्तर अनेकांच्या तोंडी असते. आपल्याकडे श्रमाने पाय 'आंबतात', त्यामुळे स्नायूत काहीतरी आंबट साचत असणार, हे आपल्याला लगेच पटतेही. परंतु ही समजूत चुकीची आहे आणि चढताना न दुखणारे पाय उतरताना का दुखतात, याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही.

मित्राने काय केले होते ते आधी सांगितले पाहिजे. २००० साली सिडनी येथे ऑलिंपिकमध्ये दाखल झालेल्या ट्रायथलॉनमध्ये १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे, असे तीन टप्पे सलग पार करायचे असतात. नोकरी सांभाळून त्याची तयारी करणाऱ्याला मोठा सराव शनिवार-रविवारीच बसवावा लागतो. त्याने शनिवारी ८० किलोमीटर सायकल चालवली, त्यात चार-चार मिनिटांचे पाच टप्पे जीव तोडून मारले, आणि सायकलवरून उतरताच २० मिनिटे धाव घेतली. सायकलला लागून केलेल्या अशा धावेला हे खेळाडू 'ब्रिक' म्हणतात. रविवारी थोडे पोहून झाल्यावर तो १६ किलोमीटर धावला, आणि त्यातला उत्तरार्ध सगळा उताराचा होता.

लॅक्टिक ॲसिड प्रथम सापडले ते आंबलेल्या दुधात, १७८० मध्ये, कार्ल विल्हेल्म शीले या रसायनशास्त्रज्ञाला. १९०७ मध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स या शास्त्रज्ञांनी बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग करून दाखवले की, प्राणवायू न देता स्नायूला काम करायला लावले तर त्यात हे आम्ल साठत जाते आणि स्नायू थकतो. प्रयोग चोख होता, पण तो स्नायू शरीरापासून वेगळा केलेला होता. त्यात रक्त वाहत नव्हते, त्यामुळे तयार झालेल्या पदार्थाला जायला वाटच नव्हती. पुढे थकवा, दुखणे, आखडणे या सगळ्यांचा दोष याच एका पदार्थावर आला.

जिवंत स्नायूत काय घडते, ते थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे. ग्लुकोजच्या एका रेणूचे तुकडे होऊन पायरूव्हेटचे दोन रेणू बनतात आणि त्या ओघात पेशीला एटीपीच्या रूपाने झटपट ऊर्जा मिळते. या विघटनात सुटे होणारे इलेक्ट्रॉन उचलण्यासाठी एनएडी नावाचा रेणू लागतो. पेशीतला त्याचा साठा अगदी थोडा असतो, म्हणून भरलेला एनएडी ताबडतोब रिकामा झाला नाही तर ग्लुकोजचे विघटनच थांबेल. आरामात सायकल चालवताना हे रिकामे करण्याचे काम तंतुकणिका (पेशीतली प्राणवायूच्या मदतीने ऊर्जा बनवणारी सूक्ष्म केंद्रे, मायटोकाँड्रिया) करतात. पण चढावर जोर लावला की विघटनाचा वेग त्यांच्या आवाक्याबाहेर जातो. अशा वेळी पायरूव्हेट स्वतःच ते इलेक्ट्रॉन घेते, त्याचे लॅक्टेट बनते आणि एनएडी मोकळा होतो. या अभिक्रियेत एक हायड्रोजन आयन खर्चीही पडतो, म्हणजे ही पायरी आम्लता वाढवणारी नाही. शरीराच्या सामूला (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) हा पदार्थ ९९ टक्क्यांहून अधिक प्रमाणात आम्लाच्या नव्हे, तर लॅक्टेट आयनाच्या रूपात असतो. जोराच्या श्रमात स्नायूचा सामू ७ वरून ६.५ च्या आसपास उतरू शकतो आणि त्या क्षणी होणाऱ्या जळजळीत हायड्रोजन आयनांचा वाटाही असतो, हे खरे आहे. पण ती जळजळ थांबल्यावर काही मिनिटांत ओसरते.

मला सर्वांत जास्त भावतो तो यापुढचा भाग. लॅक्टेट हा कचरा नसून अर्धवट वापरलेले इंधन आहे. १९८० च्या दशकात जॉर्ज ब्रुक्स या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने मांडले की, ते शरीरभर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सतत पोहोचवले जाते. वेगवान स्नायुतंतूंनी सोडलेले लॅक्टेट शेजारचे संथ तंतू उचलून तंतुकणिकांत जाळतात, हृदयाचा स्नायू ते आवडीने वापरतो, आणि यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवते. पेशीच्या पटलातून ते नेणारी वाहक प्रथिने प्रत्येक लॅक्टेटबरोबर एक हायड्रोजन आयनही बाहेर काढतात. महिनोन्‌महिने संथ, लांब सायकल चालवल्याने संथ तंतूंमधल्या तंतुकणिका आणि हे वाहक दोन्ही वाढतात, आणि म्हणूनच सरावलेल्या खेळाडूच्या रक्तात त्याच वेगाला लॅक्टेट कमी दिसते.

बोटाच्या टोकाला सुई टोचून घेतलेल्या एका थेंबात हे मोजता येते. विश्रांतीत लिटरमागे सुमारे १ मिलिमोल असणारे लॅक्टेट शनिवारच्या त्या पाच टप्प्यांत कित्येक पटींनी वाढते. तरीही थांबल्यानंतर साधारण तासाभरात ते मूळ पातळीवर येते, आणि हलके पेडल मारत राहिल्यास त्याहून लवकर. शनिवारी सकाळी तयार झालेले लॅक्टेट शनिवारी दुपारच्या जेवणापर्यंतही टिकत नाही, मग ते सोमवारी सापडणार कुठून?

सोमवारच्या दुखण्याचे मूळ रविवारच्या उतारात आहे. सायकलचे पेडल दाबताना मांडीचे पुढचे स्नायू आखूड होत जोर लावतात. उतारावर पाऊल टेकते तेव्हा गुडघा वाकतो, शरीराचा भार सावरण्यासाठी तेच स्नायू ताठलेले असतात आणि त्याच वेळी ताणून लांबवले जातात. तासाभराच्या धावेत प्रत्येक पायाला असे सुमारे ५,००० वेळा सोसावे लागते. त्यात स्नायुतंतूंची सूक्ष्म रचना जागोजागी विस्कटते, मग दुरुस्तीसाठी दाह सुरू होतो, मज्जातंतूंची टोके हळवी होतात, आणि दुखणे २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचते. सपाटीवर धावल्याने लॅक्टेट वाढते पण नंतर दुखत नाही, उतारावर धावल्याने लॅक्टेट वाढत नाही पण पाय दुखतात, हे १९८३ मध्ये प्रयोगाने दाखवले गेले आहे. मॅकआर्डल या आजारात तर स्नायूतील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेले ग्लुकोज, फोडताच येत नाही, श्रमाने लॅक्टेट वाढत नाही, तरीही त्या रुग्णांचे स्नायू श्रमात दुखतात आणि आखडतात.

तेव्हा लॅक्टिक ॲसिड 'पिळून काढणारे' मालिश आणि ते 'मारणारे' अल्कलाइन पाणी विकणाऱ्यांच्या दाव्यांना काही अर्थ नाही. मालिशने बरे वाटते, आणि तेवढ्यासाठी ते जरूर करावे. पण जे रक्तात उरलेलेच नाही ते कोणी काढू शकत नाही. पाण्याचे म्हणाल तर ते आधी जठरातल्या तीव्र आम्लात पडते, आणि रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राखण्याचे काम फुप्फुसे आणि मूत्रपिंडे अहोरात्र करत असतात.

मित्राला मी एवढेच सांगितले की, उताराची धाव सोडू नकोस, फक्त पहिल्या खेपेला ती अर्ध्यावर आण. एकदा असा ताण सोसून सावरलेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच ताणाने बराच कमी दुखतो. बुधवारपर्यंत तो पोहायला जाऊ लागला होता, आणि त्यानंतरच्या सोमवारी जिना सरळ पावलांनी उतरला.