अंड्यांच्या ट्रेमुळं खोली साऊंडप्रूफ होते का?

"भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवा, ड्रमचा आवाज बाहेर जात नाही." घरात प्रॅक्टिस रूम करणाऱ्याला हा सल्ला मिळतोच. मंगळवार पेठेतल्या भिंतीला भिंत लागलेल्या घरात मीही ते लावून बसलो होतो.

गल्लत होणं साहजिक आहे. ट्रे लावल्यावर टाळीचा खणखणाट थोडा कमी होतो, त्यामुळं खोली 'बंद' झाल्यासारखी वाटते. पण घुमणं कमी होणं वेगळं, आवाज अडणं वेगळं. अडवायला वजन लागतं, आणि ट्रे म्हणजे हलका, सच्छिद्र लगदा. ५० हर्ट्झच्या, म्हणजे खूप खालच्या, बेसची एक लहर जवळपास ७ मीटर लांब असते. ट्रे जेमतेम ५ सेंटिमीटर जाड, एवढ्या लांब लहरीला तो काय अडवणार?

घरीच बघा. मोबाईलवर गाणं लावून त्यावर ट्रे उपडा घाला: फारसा फरक नाही. मग तोच मोबाईल स्टीलच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावा: आवाज दबतो. आता झाकण बोटभर उघडा, आवाज लगेच बाहेर!

म्हणून खर्च आधी भरीव दारावर आणि फटींच्या रबरपट्टीवर करा. घुमणं कमी करायला आजीची जाड वाकळ टांगलेली बरी. कागदी ट्रे पटकन पेटतात, ॲम्पच्या (ॲम्प्लिफायरच्या) वायरींजवळ तर नकोतच.